‘मॅडम, काहीच भेटत नाही’ : प्रकल्पाचं घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज भरलं की आठवड्याभरात हे सुरू होतं. स्टाफरूमच्या दाराशी दोघं-तिघं उभे असतात, हातात जवळजवळ कोरी वही, आणि त्यातला एक पुढं होऊन म्हणतो, "मॅडम, काहीच भेटत नाही." म्हणजे प्रकल्पासाठी संदर्भ मिळत नाहीत. आमच्या खानदेशात माणूसही भेटतो आणि वस्तूही भेटते. साक्रीकडचा मुलगा असला आणि अगदी टेकीला आलेला असला, तर अहिराणीतच सांगून टाकतो, "काहीच भेटी नही राह्यनं."

सुरुवातीची काही वर्षं मी यावर एकच उपाय करत होते. चार पुस्तकांची नावं, दोन संकेतस्थळं आणि ग्रंथपालांना एक चिठ्ठी. मुलं जायची आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत यायची. पुढं एकेकाजवळ बसून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की यांचा प्रश्नच ठरलेला नाही. ठरलाय तो विषय. आणि विषय घेऊन शोधायला बसलं की एक तर ढीग हाती येतो, नाही तर शून्य. म्हणून संदर्भांची तक्रार आली की मी आता आधी प्रश्न तपासते. क्षेत्र प्रकल्प असो, एम. ए. चा लघुप्रबंध असो की ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेचं पोस्टर, दुखणं एकच असतं.

आधी शीर्षक वाचा

मुलं आणतात ती शीर्षकं अशी असतात : ‘जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’. ‘धुळे जिल्ह्यातील जलव्यवस्थापन : एक दृष्टिक्षेप’. ‘अहिराणी भाषा : काल, आज आणि उद्या’. वाचायला भारदस्त, पण शेवटी प्रश्नचिन्ह लावता येईल असं यात एकही नाही. मी पहिल्यांदा अपूर्णविरामानंतरची शेपटी खोडायला लावते. मग उरलेल्या शब्दांचा प्रश्न करून दाखव म्हणते. बहुतेकांची लेखणी इथंच थांबते, आणि ती इथं थांबली तरच बरं. डिसेंबरात थांबली तर सावरता येतं. मार्चमध्ये थांबली तर उतरवून काढण्याशिवाय पोराकडं दुसरा मार्ग उरत नाही.

केळीचं ते शीर्षक यावल तालुक्यातल्या एका मुलीनं आणलं होतं. तिच्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देते, कारण प्रश्न कुठून निघतो ते त्यात दिसतं.

"तुझ्या घरी केळी आहे?"

"आहे ना मॅडम. तीन हजार खोड."

"मग समस्या काय आहे?"

"खूप आहेत. करपा, वारं, भाव, मजूर..."

"पप्पा सगळ्यात जास्त कशावरून चिडतात?"

ती थोडी थांबली. "भावावरून. म्हणतात, पेपरात एक भाव असतो आणि बांधावर दुसराच पडतो."

"हे ते नुसतं म्हणतात, की कुठं लिहिलेलं आहे?"

"डायरी आहे त्यांची. गाडी भरली की लिहितात."

पुढच्या सोमवारी ती डायरी घेऊन आली. खताच्या दुकानातून मिळालेली, खिशात मावेल एवढी. पानांच्या कडांना केळीच्या चिकाचे काळपट डाग. प्रत्येक ओळीत तारीख, वजन, वजनातून कापलेले किलो, मिळालेला भाव आणि पैसे किती दिवसांनी आले ते. तिच्या वडिलांनी हे कुणासाठी लिहिलं नव्हतं, आपल्या हिशेबासाठी लिहिलं होतं, आणि म्हणूनच ते कामाचं होतं. दुसऱ्या बाजूला जाहीर भाव होताच. रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा भाव आमच्याकडच्या पेपरांत छापून येतो, आणि वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात. दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या आणि प्रश्न तयार झाला : आमच्या गावातल्या केळी उत्पादकांना गेल्या तीन वर्षांत बांधावर मिळालेला भाव त्या दिवशीच्या जाहीर भावापेक्षा किती कमी किंवा जास्त होता, आणि हा फरक कोणत्या महिन्यांत वाढतो?

या प्रश्नात गाव आहे, काळ आहे, कोणाविषयी ते आहे आणि कशाची तुलना कशाशी तेही आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उत्तर ‘फारसा फरक नाही’ असं आलं तरी प्रकल्प वाया जात नाही. ही कसोटी मी प्रत्येकाला लावते. "उत्तर उलटं आलं तर चालेल का?" असं विचारलं की ज्याचा प्रश्न आधीच निकाल लावून बसलाय तो गडबडतो. ‘सरकारी योजनांमुळे आदिवासी महिलांचे सक्षमीकरण’ या शीर्षकाला उलटं उत्तर येऊच शकत नाही, म्हणून तो प्रश्न नाही.

तिचा प्रश्न पुढं आणखी एकदा बदलला. गावातल्या नऊ घरी ती गेली, चार घरांत वह्या निघाल्या, आणि त्यातल्या दोन वह्यांत कापलेलं वजन लिहिलेलंच नव्हतं. मग निव्वळ भावाची तुलना ठेवली आणि वजनाचा भाग सोडला. मुलांना असं करणं म्हणजे हार वाटते. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं की संदर्भ पाहून प्रश्न कापणं हे कामाचाच भाग आहे, आणि ‘हे का सोडलं’ हा परिच्छेद अहवालात लिहायचा असतो.

‘याची नोंद कोणी आणि कशासाठी ठेवली असेल?’

प्रश्न ठरल्यावरही काही जण अडतात. ते सरळ मोबाइल काढून आख्खा प्रश्न शोधपट्टीत टाकतात. इथं मी एकच वाक्य फळ्यावर लिहिते : याची नोंद कोणी आणि कशासाठी ठेवली असेल? सारा वसूल करणाऱ्यानं? पाणी वाटणाऱ्यानं? शाळेनं? व्यापाऱ्यानं? ज्याचा पैसा किंवा जबाबदारी गुंतलेली असते तो लिहून ठेवतो. तो कोण ते सापडलं की कागद कुठं असेल ते अर्धं कळतं.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण पांझरेकाठचं आहे. ‘धुळे जिल्ह्यातील जलव्यवस्थापन’ घेऊन आलेल्या मुलाचे आजोबा फडावर पाटकरी होते. फड पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं मिळून एक पीक, आणि पाणी पाळीपाळीनं. पाणी वाटायला गावानं नेमलेला पाटकरी. कारभार शेतकऱ्यांचा, काही शतकं चालत आलेला. आता बऱ्याच ठिकाणी तो मोडकळीला आलाय. मुलाला घरातून एवढंच माहीत होतं की "आधी फड होता, मग विहिरी झाल्या."

कधी झाल्या? आजोबांना साल सांगता येईना. वयस्कर माणसाला साल विचारून उपयोग नसतो. त्याच्या आठवणीतली खूणगाठ विचारायची. "बाहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? गावात लाइट आली तेव्हा विहिरीवर मोटर होती का?" असं विचारलं की माणूस बरोबर सांगतो. आजोबांनी दुष्काळानंतर असं सांगितलं. पण ही झाली एका माणसाची आठवण. हिला जोड द्यायला नोंद कोणी ठेवली असेल? तलाठ्यानं. सातबाऱ्यातला बाराचा भाग म्हणजे पीकपाहणीची नोंद, आणि तिच्यात ‘जलसिंचनाचे साधन’ असा रकाना असतो. त्याच गटाच्या जुन्या नोंदी वर्षावर्षानं काढल्या की त्या रकान्यात पाटाऐवजी विहीर कधीपासून येऊ लागली ते दिसतं. प्रत्येक घरात रोज हाताळला जाणारा हा कागद संशोधनाचा संदर्भ आहे हे त्या मुलाच्या स्वप्नातही नव्हतं. जोडीला जनगणनेची जिल्हा पुस्तिका घेतली. तिच्या गावयादीत सिंचनाखालचं क्षेत्र साधनानुसार मिळतं. आणि फार मागं जायचं तर १८८० चं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचं खानदेशचं बारावं खंड आहे, त्यात शेतीच्या प्रकरणात पाट-बंधाऱ्यांची माहिती आहे.

इथं एक सावधगिरी. पीकपाहणीची नोंद प्रत्यक्ष शेतावर जाऊन केली की मागच्या वर्षीची उतरवली हे कागदावरून कळत नाही. म्हणून आजोबांची आठवण टाकून द्यायची नाही. दोन्ही शेजारी ठेवायच्या, आणि जिथं जुळत नाहीत तिथं पेन्सिलनं खूण करायची.

आकडेवारीसाठी मुलं बहुतेक वेळा भलतीकडंच धावतात, तेव्हा हे सांगून ठेवा : प्रत्येक जिल्ह्याचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, मराठीत असतं, तालुकानिहाय तक्ते असतात. प्रकल्पांसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही, आणि एम. ए. ला आलेल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

नाव बदललं की शोध अडतो

ही अडचण खास आमच्या भागातली आहे. मुलगी ‘नंदुरबार जिल्हा’ म्हणून १९८१ चे आकडे शोधते आणि तिला ते भेटत नाहीत. भेटणार कसे? नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी सगळं धुळ्यात. धुळं १९०६ पासून ‘पश्चिम खानदेश’, जळगाव ‘पूर्व खानदेश’, आणि १९०६ च्या आधी नुसता ‘खानदेश’. म्हणजे शोधताना सालाप्रमाणे नाव बदलायचं. मराठीत ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ दोन्ही टाकून पाहायचं, प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर याचा फरक पडतो. इंग्रजीत धुळ्याचं जुनं रूप ‘धुलिया’, आणि कंपनी सरकारच्या काळातल्या कागदांत खानदेशचं स्पेलिंग चक्क ‘सी’नं सुरू होतं. हे माहीत नसेल तर माणूस ग्रंथालयाच्या दारातून रिकाम्या हातानं परत येतो आणि कागद आतच असतो.

याच्याच पोटात एक मोठी चूक दडलेली असते. एका विद्यार्थ्यानं १९९१ आणि २००१ ची तुलना करून लिहिलं होतं की धुळे जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण दहा वर्षांत झपाट्यानं घटलं. त्याखाली कारणं पण दिली होती, स्थलांतर वगैरे. खरं कारण एवढंच की मधल्या काळात अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर, शहादा, नंदुरबार हे तालुके धुळ्यातून निघून गेले होते. आकडे दोन्ही खरे, जिल्हा मात्र एक नव्हता. तेव्हापासून मी दोन सालांचा आकडा शेजारी दिसला की आधी विचारते, हद्द तीच आहे का? जनगणनेच्या दशकवाढीच्या तक्त्यात जुने आकडे नव्या हद्दीप्रमाणे बसवून दिलेले असतात, तिथून घ्यायचे. नाही तर तालुका पातळीवर उतरून स्वतः बेरीज करायची.

अहिराणीवाल्यांचंही असंच. ती जनगणनेत आणखी काही बोलींसोबत ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली मोजली जाते. २००१ मध्ये तो आकडा सुमारे २०.७५ लाख होता, २०११ मध्ये सुमारे १८.६ लाख झाला. मुलं लगेच लिहितात, ‘अहिराणी मृत्युपंथाला’. मी म्हणते, थांबा. हा आकडा बोलणाऱ्यांचा नाही, मोजणीदाराला ‘मातृभाषा अहिराणी’ किंवा त्या गटातली दुसरी बोली असं सांगणाऱ्यांचा आहे. घरात अहिराणी बोलून कागदावर मराठी लिहिणारे तुमच्या गल्लीत किती आहेत? इथून खरा प्रश्न निघतो, आणि तो अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या एका गल्लीत पन्नास घरं फिरून सोडवता येतो. भाषेचं वर्गीकरणही काळाबरोबर बदलत आलंय. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खानदेशी भिल्ली भाषांसोबत घातलेली आहे. हे वाचून मुलांना राग येतो. येऊ द्या. असं का घातलं असेल, हाही चांगला प्रश्न आहे.

पुस्तकाचं नाव आहे, पुस्तक नाही

हे गेल्या दोन-तीन वर्षांतलं नवं दुखणं. संदर्भसूची सुंदर, लेखक, प्रकाशक, साल सगळं जागच्या जागी. ग्रंथपाल शोधून थकतात, कारण ते पुस्तक छापलंच गेलेलं नसतं. एआयला विचारलं, त्यानं रचून दिलं. मुलाला रागावून फायदा नाही, त्याला खरंच वाटलेलं असतं की यादी आहे म्हणजे पुस्तक असणार. माझा नियम सोपा आहे : ज्या पानावरून मजकूर घेतला त्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवायचा, आणि मुखपृष्ठाचाही. फोटो नाही तर संदर्भ नाही. एआयकडून शोधायचे शब्द काढून घ्यायला मी मना करत नाही. पण ‘कुणी काय लिहिलंय’ हे त्याला विचारायचं नाही. विकिपीडियाचंही तेच : मजकूर घ्यायचा नाही, तळटीपा घ्यायच्या आणि त्या मूळ पुस्तकापर्यंत जायचं.

फोटोच्या या नियमाचा आणखी एक फायदा झाला. मुलं वाचनालयात जाऊ लागली. जळगावचं व. वा. वाचनालय किंवा धुळ्याचं गरुड वाचनालय ही नावं त्यांनी ऐकलेली असतात, पण जुन्या अंकांसाठी कुणी आत पाऊल टाकलेलं नसतं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात मी दरवर्षी एक सहल नेते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं मिळवली होती. हे तिथं उभं राहून सांगितलं की ‘भेटत नाही’ म्हणणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर फरक पडतो. मात्र उत्साहाच्या भरात मोडी कागदांवर प्रकल्प घेऊ देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर छापलेल्या साधनांपुरताच प्रश्न ठेवा, किंवा मोडी जाणणारं माणूस आधी पक्कं करा, मग प्रश्न.

‘या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही’

हे वाक्य दिसलं की खोडा. त्याचा अर्थ एवढाच असतो की पोरानं आपल्या गावाचं नाव टाकून शोधलं आणि काही आलं नाही. यावलच्या केळीच्या भावावर प्रबंध नसेल, पण नाशिकच्या द्राक्षांच्या, लासलगावच्या कांद्याच्या भावावर असेल. गाव तेच नको, गाठ तीच हवी : जाहीर भाव आणि हाती येणारा भाव. शोधगंगेवर असे दोन प्रबंध काढून फक्त त्यांचं दुसरं प्रकरण आणि शेवटची यादी वाचायला सांगा. सबंध प्रबंध वाच म्हटलं तर कुणी वाचत नाही.

याच्या उलट, खूपच सापडलं म्हणून गोंधळलेला विद्यार्थी क्वचित येतो. त्याला गाव आणि साल घालून प्रश्न आवळायला सांगितलं की बहुधा पुरतं.

हाती पंधरा दिवसच उरले असतील तर

असा एक तरी येतोच, आणि त्याला परत पाठवू नये. त्याच्यासाठी नवे संदर्भ शोधायचे नाहीत. त्याच्या हाताजवळ आधीच कोणती वही आहे ते पाहायचं. दोन वर्षांपूर्वी अक्राणीचा एक मुलगा असाच उशिरा आला. विषय होता ‘आदिवासींचे स्थलांतर’. मी विचारलं, गावात काय आहे? जिल्हा परिषदेची शाळा. मोठा भाऊ तिथंच शिकलेला, गुरुजी ओळखीचे. मग नोंद कोण ठेवतं? हजेरीपट.

सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडं उतरतात आणि होळीला घरी परततात. हे त्याला पुस्तकातून नाही, अंगानं माहीत होतं. प्रश्न आम्ही असा ठरवला : गेल्या चार वर्षांत तिसरी ते पाचवीच्या वर्गांत दिवाळीनंतर होळीपर्यंत हजेरी किती घटते, आणि होळीनंतर कितीजण परत येतात? मुख्याध्यापकांना विभागाचं पत्र दिलं, मुलांची नावं उतरवायची नाहीत हे त्यातच लिहिलं, फक्त महिनावार संख्या. पत्रावर त्याच दिवशी सही घेतली, कारण पंधरा दिवसांतले चार दिवस परवानगीतच जातात. हजेरीपटांना त्याला तीन दिवस लागले. चार आईबापांशी आणि गुरुजींशी बोलायला दोन. पावरा आदिवासींच्या घरांत तो त्यांच्याच बोलीत बोलला आणि मराठीत लिहून आणलं. मी मूळ बोलीतली वाक्यंही अहवालात ठेवायला लावली.

तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. एका वर्गात होळीनंतरही हजेरी भरलीच नव्हती, आणि तेही एकाच वर्षी, बाकीच्या तीन वर्षी नाही. "मॅडम, त्या वर्षी काय झालं असेल, हे कुणाला विचारू?"